खंडेनवमीचं तेल

मला स्वस्थ बसता येत नाही. हा दोष बायकोला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळला होता, आणि चाकणच्या कंपनीनं सव्वीस वर्षं मला त्याच दोषाचा पगार दिला. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, त्यातल्या प्रेस शॉपचा मी मेंटेनन्स फिटर. पत्रा दाबून त्याला आकार देणारी मोठी मशीनं असतात. त्यांच्या आवाजात जरा फरक पडला की हातातला घास डब्यात टाकून मी उठायचो. बिघडायच्या आधी हात घालायचा, हा आमच्या खात्याचा धर्म. बिघडल्यावर काय, कुणीही हात घालतं.

गेल्या वर्षी पाडवा झाला आणि कंपनीनं जुनी लाइन बंद केली. कागद पुढे आले, सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. चौपन्नाव्या वर्षी, मोशीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, मी दिवसभर घरी असणारा माणूस झालो. पहिल्या महिन्यात घरातला एकही नट सैल राहिला नाही. दुसऱ्या महिन्यात मी घट्ट नट सैल करून पुन्हा आवळायला लागलो. मिक्सर उघडला, पंखे उतरवले, दाराची बेल इतकी सुधारली की ती वाजेनाशी झाली. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," असं म्हणून बायकोनं पान्यांची पेटी माळ्यावर टाकली. मी ती रोज उतरवायचो, ती रोज वर टाकायची. पहाटे साडेपाचला कंपनीच्या बसचा हॉर्न खाली वाजायचा. ती दुसऱ्यांना न्यायला आलेली असायची, आणि मी गॅलरीत उभा राहून ती वळेपर्यंत बघत बसायचो.

जूनमध्ये मुलगी घरी आली. आमची एकुलती एक. हिंजवडीला आयटीत नोकरी करते, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन हडपसरला गेली होती. खाली टॅक्सी थांबली, ड्रायव्हरनं दोन बॅगा काढल्या. ती मात्र मागच्या सीटवर मांडीवर एक कुंडी घेऊन बसलेली, आणि कुंडीतल्या मोठ्या मोठ्या पानांमुळे तिचा चेहराच दिसेना. मी कुंडी घ्यायला हात पुढे केला. "नको, हे माझं आहे," म्हणाली, आणि तीन जिने स्वतः घेऊन चढली. त्या घरातून तिनं आणलेली, तिची स्वतःची म्हणावी अशी ती एकच वस्तू होती. पहिल्या पगारवाढीला तिनं ते रोप ऑफिसजवळच्या नर्सरीतून घेतलं होतं, तेव्हा त्याला दोन पानं होती.

आणि ती काही पहिल्यांदा आली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, नाही तर पुढचं सगळं खोटं वाटेल.

त्याच्या वर्षभर आधी ती अशीच एकदा आली होती. तीन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "तिथे माझ्याशी कुणी बोलत नाही बाबा. आणि बोललं तर माझं काय चुकलं तेवढंच." माझी तेव्हा नोकरी चालू होती, फर्स्ट शिफ्ट होती, डोक्यात एका प्रेसचा क्लच होता. मी म्हटलं, नवीन मशीन पायावर बसवलं तरी रुळायला सहा महिने घेतं, तू तर माणूस आहेस, थोडं जुळवून घे. चौथ्या दिवशी सुटी टाकली, तिची बॅग पायाशी ठेवली आणि तिला स्कूटरवरून हडपसरला सोडून आलो.  दारात पोचल्यावर ती म्हणाली, "या बाबा, चहा घ्या." मी आत गेलो, चहा घेतला, व्याह्यांशी चाकणच्या ट्रॅफिकवर हसून गप्पा मारल्या. निघताना हात जोडून म्हणालो, पोरीचं काही चुकलं तर सांभाळून घ्या. तिथे कुणी तिच्यावर हात उगारत नव्हतं. उगारला असता तर मी तिला ठेवलंच नसतं, असं मी स्वतःला वर्षभर सांगत राहिलो.

आता ती दुसऱ्यांदा आली होती, आणि त्या स्कूटरच्या फेरीबद्दल मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही. सकाळी साडेसातला ऑफिसच्या बसनं जायची, हिंजवडीचा जॅम फोडून रात्री साडेआठला परत. जेवायची. "हो", "नको", "जेवले", एवढंच बोलायची. मग हॉलच्या खिडकीपाशी त्या कुंडीजवळ जमिनीवर बसायची आणि ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची. आमच्याशी न बोलणारी पोरगी झाडाशी पुटपुटायची. तिच्या दोन्ही बॅगा पलंगाखाली तशाच होत्या. रोज त्यातून कपडे काढायची, धुऊन वाळले की घडी करून परत त्यातच ठेवायची. बायकोनं कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून दिले होते. ते रिकामेच राहिले. त्या कप्प्यांकडे बघितलं की मी कपाटाच्या बिजागरीला तेल घालून बाहेर यायचो.

झाडाचं नाव तिनं मॉन्स्टेरा सांगितलं. बायको त्याला भोकाचं झाड म्हणते, कारण त्याच्या सुपाएवढ्या पानांना कडेनं चिरा आणि मधे भोकं असतात. आमच्या शेजारच्या मावशींनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या घाबरल्याच. "आळी लागलीया की वो ह्याला!" मावशी इथल्या जुन्या गावातल्या. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांचीच होती, अजूनही पार्किंगला त्या वांग्याचं वावर म्हणतात. दुपारी बायकोकडे येऊन बसतात आणि माझ्या येरझाऱ्या बघून हसतात.

मुलीनं मला झाडाबद्दल नियम सांगितला होता. "माती वरून दोन बोटं कोरडी झाली की पाणी. खिडकीचा उजेड. बाकी हात लावू नका, बाबा."

हात लावू नका. मला!

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीनं रेघा मारून चेकशीट बनवली आणि कुंडीमागच्या भिंतीवर टांगली. तारीख, पाणी, पानांची संख्या, शेरा, सही. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री आठ, अशा तीन वेळा टिक. "झाडाची हजेरी घेताय, उशिरा आलं तर अर्धा दिवस कापणार का?" बायको म्हणाली. मी दुर्लक्ष केलं. बारा पानं होती, एकही कमी झालं नव्हतं. मग एके दिवशी खोडातून तपकिरी दोरे लोंबताना दिसले, कुठेच न जोडलेले. सुटी वायर लोंबकळलेली मला बघवत नाही. मी ते सगळे दोरे गोळा करून केबल टायनं खोडाला आवळून टाकले, टोकं कापून, एकदम कंपनीसारखं. संध्याकाळी मुलगी आली, बघितलं, आणि कात्री घेऊन एकेक टाय कापत बसली. "मुळं आहेत ती बाबा. वायरी नाहीत," म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती न रागावता कापत होती, आणि त्यानं मी जास्तच अस्वस्थ झालो.

मग खंडेनवमी आली.

ज्यांनी कारखान्यात वर्षं काढली नाहीत त्यांना खंडेनवमी म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. दसऱ्याचा आदला दिवस. वर्षभर आम्ही ज्या मशीनना शिव्या घातल्या त्यांना त्या दिवशी न्हाऊमाखू घालायचं. सकाळपासून लाइन बंद. कॉटन वेस्टचे बोळे घेऊन घासायचं, ग्रीस काढायचं, मग अंगाला तेलाचा हलका हात फिरवायचा की लोखंड आरशासारखं चमकतं. मग कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, नारळ. सव्वीस खंडेनवम्या मी अशा केल्या. ही पहिलीच, की जिला मला कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी सहापासून मी घरात फिरत होतो. शेवटी पेटी माळ्यावरून काढली, आणि बायको काही बोलली नाही.

सगळे पाने घासले. मिक्सर, इस्त्री, बायकोचं शिलाई मशीन, खालून स्कूटर पुसून आलो. सगळ्यांना तेलाचा हात फिरवून ओळीनं मांडलं. आणि मग नजर झाडाकडे गेली. नाशिक रस्त्याच्या ट्रकांची धूळ आमच्या खिडकीतून दिवसभर येते. मुलीनं दोन दिवस पुसलं नव्हतं, पानं राखाडी दिसत होती. मला वाटलं, सगळ्यांची आंघोळ झाली, हेच का पारोसं? शिलाई मशीनच्या तेलाची बाटली हातात होतीच. फडकं भिजवलं आणि बाराच्या बारा पानांना, वरून आणि खालून, मनापासून तेल लावलं. एवढं निगुतीनं मी कधी स्वतःच्या डोक्यालाही लावलं नसेल. पानं अशी चमकली की त्यात खिडकी दिसायला लागली. कुंडीवर स्वस्तिक काढलं, झाडाच्या आधाराला मधे रोवलेल्या काथ्याच्या दांड्याला हार घातला, आणि कुंडी उचलून मिक्सर आणि शिलाई मशीनच्या मधे ठेवली.

मुलीचं त्या दिवशी घरून काम होतं. ती गळ्यात हेडफोन घेऊन बाहेर आली, ती रांग बघितली, आणि हसायला लागली. उभं राहवेना म्हणून भिंतीला धरून खाली बसली. "बाबा, याची पण? कसलं चमकतंय! काय लावलंत?"

"आमच्या खात्याचं गुपित आहे," मी म्हणालो.

तिनं फोटो काढले, मैत्रिणींना पाठवले. चार महिन्यांत पहिल्यांदा ती आवाज करून हसली होती. त्या हसण्यासाठी मी अख्ख्या बिल्डिंगला तेल लावलं असतं.

दसऱ्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं सांगितलं की वाकडला एका मैत्रिणीबरोबर फ्लॅट बघितला आहे, दिवाळी झाली की जाणार. हिंजवडी जवळ पडेल, येण्याजाण्यात जीव जातो. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी "बरं आहे" म्हणालो. जॅमचं कारण खोटं नव्हतं, पण तेवढंच असतं तर तिनं बॅगा उघडल्या असत्या. या घरानं तिला एकदा परत पाठवलं होतं, आणि ते पाठवणारा मी होतो. माझी खरी भीती ती वाकडला जाण्याची नव्हती. उद्या पुन्हा काही झालं, तर ती या दाराशी येणारच नाही, याची होती.  मी उठून कुंडी खिडकीच्या दुसऱ्या बाजूला ठेवली.

आठवड्यानं पानांवर तपकिरी डाग दिसले. ऑक्टोबरचं ऊन पश्चिमेकडून थेट आत येतं. मी कुंडी आत घेतली, तर उजेड कमी वाटला म्हणून परत बाहेर. मग पंख्याखाली, मग टीव्हीशेजारी. दिवसातून चार वेळा कुंडीची बदली होत होती. एक पान पिवळं पडून गळलं, मग आणखी दोन. चेकशीटवर बाराचे अकरा, अकराचे नऊ झाले. शेऱ्याच्या रकान्यात मी "ऊन" लिहिलं, मग "पाणी?" लिहिलं. जी गोष्ट लिहायची ती सोडून सगळं लिहिलं. मशीन बंद पडलं की आम्ही आधी विचारायचो, शेवटचा हात कुणी लावला? इथे हात लावणारा एकच माणूस होता.

शुक्रवारी दुपारी मावशी आल्या, झाडापाशी वाकल्या आणि पानावर बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"भाऊ, हे चिकाट काय हाय?"

"धूळ आहे, रस्त्याची."

"धूळ अशी चिकटत न्हाई. काय लावलंया?"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. मी सांगून टाकलं, "शिलाई मशीनचं तेल."

मावशींनी बोट पदराला पुसलं. "त्याल? झाडाला? आवं, पानं श्वास घेत्यात! आमी वांग्यावर राख मारली, ताक शिंपाडलं, पन मशीनचं त्याल न्हाई कवा लावलं. तुमच्या तोंडाला त्यालाचं फडकं बांधून उन्हात हुबं केलं, तर कसं व्हईल?"

"आता काय करू?"

"धुवा की आधी. कोमट पानी घ्या, भांड्याच्या साबनाचे दोन थेंब. हलक्या हातानं. आन मग त्याला जरा सोडा, भाऊ. झाड हाय ते, मोटार न्हाई."

शनिवारी मुलगी बाहेर गेली तेव्हा मी पाटावर बसून पानं धुतली. पाणी काळं निघालं. पुसताना तीन पानं हातातच आली. राहिली त्यातली आणखी दोन अर्धी जळलेली होती, मावशींच्या सांगण्यावरून ती कापली. बारातली चार उरली. मधोमध भला मोठा काथ्याचा दांडा, आणि बाजूला चार पानं. बायको दारात उभी होती. "तिला सांगा," एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी मुलगी उठून हॉलमध्ये आली. झाडाकडे बघितलं आणि लगेच, श्वास घ्यायच्या आधी, म्हणाली, "माझंच चुकलं. खिडकीत मीच ठेवायला सांगितलं होतं ना. सॉरी बाबा, तुम्ही एवढी निगा राखता आणि मी लक्षच दिलं नाही."

सरावलेला ऑपरेटर जसा न बघता बटण दाबतो, तसं ते वाक्य आलं होतं. कारण काय, कुणी केलं, काही विचारलं नाही. सगळं माहीत असून मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "असू दे. होतं असं."

माझ्या चुकीबद्दल मी तिला माफ केलं.

पुढचा आठवडा मला आठवतो तो नुसता चालण्याचा. मोशीपासून टोलनाक्याकडे, तिथून परत. भोसरीपर्यंत बसनं गेलो आणि काही काम नसताना परत आलो. कंपनीत नवीन पोरं यायची तेव्हा मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचो. प्रेसमध्ये पाना विसरलात, नट सैल राहिला, काहीही झालं, तर मशीन सुरू व्हायच्या आधी बोला. मी शिव्या देईन, पण बोला. न बोलणाऱ्याच्या चुकीनं दुसऱ्याचा हात जातो. हे मी किती जणांना ऐकवलं असेल, आणि ऐकवताना किती ताठ उभा असायचो! आता घरात माझी चूक दुसऱ्याच्या नावावर चढली होती, आणि ती दुसरी माझी पोरगी होती. मला स्वतःची लाज वाटत होती. सरळ जाऊन सांगावं, तर तोंडाशी आलेलं परत जायचं.

शेवटी पेटीच्या तळाशी ब्रेकडाऊन स्लिपांचं एक अर्धं पॅड सापडलं. मशीन बंद पडलं की आम्ही ही स्लिप भरायचो. काय बिघडलं, कशामुळे, काय केलं, फिटरची सही. शेवटचा रकाना ऑपरेटरच्या सहीचा, की मशीन नीट चालतंय, मी ताब्यात घेतलं. त्या सहीशिवाय स्लिप बंद होत नाही. कारण मात्र ज्यानं हात लावला त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहायचं, हा नियम मीच लावला होता.

लिहिलं. काय बिघडलं: झाडाची आठ पानं गेली. कशामुळे: खंडेनवमीला मी पानांना शिलाई मशीनचं तेल लावलं. विचारल्यावर गुपित म्हणालो. ऊन, पाणी, खिडकी यांचा दोष नाही. मुलीचा दोष नाही. काय केलं: साबणाच्या पाण्यानं धुतलं. सही.

पेन खाली ठेवायला हवं होतं. पण खाली आणखी एक ओळ रिकामी होती, आणि हात थांबला नाही. दुसऱ्या ओळीत लिहिलं: मुलगी घरी आली असताना चौथ्या दिवशी स्कूटरवर बसवून परत सोडून आलो. ती काय म्हणतेय ते ऐकलं नाही. तिथे चहा घेतला. कशामुळे: मला वाटलं मला सगळं दुरुस्त करता येतं. काय केलं, या रकान्यात मला लिहिण्यासारखं काहीच सापडलं नाही. तो तसाच सोडला आणि सही केली.

पुढच्या रविवारी सकाळी ती चहा घेत होती तेव्हा कागद तिच्या कपाशेजारी ठेवला आणि मी खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिलो. मागून आवाज आला, "शिलाई मशीनचं तेल?" आणि तिला हसू फुटलं. मग ते हसू मधेच थांबलं. ती दुसऱ्या ओळीवर आली होती. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती. नेहमीसारखं मला खाली जाऊन प्लग साफ करून द्यावासा वाटला. मी जागेवरून हललो नाही.

बायको तिच्या खांद्यावरून वाचत होती. "दुसऱ्या ओळीत माझंही नाव घाला," ती म्हणाली. "मीही जा म्हणाले होते. डबा मीच भरून दिला होता." मी टेबलाशी आलो, तिचं नाव लिहिलं.

मुलीनं कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "त्या घरात दोन वर्षांत 'माझं चुकलं' हे फक्त मी म्हणायचे, बाबा. सवयच झाली होती. मला वाटायचं, ते वाक्य जगात माझ्या एकटीच्याच वाट्याला आलंय."

मला रडू आलं. बायकोसमोर, भर सकाळी. लपवलं नाही.

तिनं पेन मागितलं. पहिल्या ओळीपुढे ऑपरेटरच्या रकान्यात सही केली. मग पेन दुसऱ्या ओळीवर नेलं, तसंच धरलं, आणि टोपण लावलं. कागदाची घडी घालून घेऊन गेली. मी विचारलं नाही. विचारायला जीभ शिवशिवत होती, तरी नाही.

दिवाळीनंतर ती वाकडला गेली. बॅगा आदल्या दिवशीच टेम्पोनं पुढे गेल्या होत्या, कुंडी टॅक्सीत मांडीवर घ्यायला तिनं माझ्याकडे दिली. मोशीपासून वाकडपर्यंत दीड तास मी ती घेऊन बसलो होतो. चार पानांच्या मधे, शेंड्याशी, एक नवीन पान सुरळी करून बाहेर डोकावत होतं, करंगळीएवढं, फिकट हिरवं. जॅममध्ये गाडी एका जागी उभी, आणि ती सुरळी डोळ्यांसमोर. बोटानं जरा उलगडून बघावं, आत भोकं तयार झाली आहेत का, असं सारखं वाटत होतं. मी दोन्ही हातांनी कुंडीच घट्ट धरून ठेवली.

दुसरा मजला. तिनं कुलूप उघडलं, आत गेली, आणि वळून म्हणाली, "या बाबा, चहा घ्या."

तेच शब्द. मी उंबऱ्यापाशी थांबलो. तिलाही ते कळलं असावं, कारण ती माझ्या हातातली कुंडी घेईपर्यंत डोळे खाली करून उभी होती. मग मी आत गेलो. घरात अजून खुर्ची नव्हती, मी जमिनीवर बसलो. बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि निम्मे कपडे कपाटात लागलेले होते, ती आदल्या दिवशीच येऊन थोडं लावून गेली होती. खिडकीशेजारी, कुंडीच्या मागच्या भिंतीवर, तिनं ती स्लिप चिकटवली होती. पहिली ओळ बंद. दुसरी उघडी.

चहा आणताना तिनं मला तिकडे बघताना बघितलं.

"तुम्हीच सांगायचात ना," ती म्हणाली, "दुरुस्त झालं म्हणून लगेच सही करायची नाही. आधी शंभर पीस चांगले निघू देत."

लहानपणी जेवताना मी तिला कंपनीच्या गोष्टी सांगायचो. तिनं त्या ऐकल्या असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

"मग हा?" मी कप हातात घेत विचारलं.

"हा पहिला धरा."

तेव्हापासून दर रविवारी मी वाकडला जातो. बायको कधी बरोबर असते, कधी नसते. सोबत पान्यांची पेटी नेत नाही. तिच्या बाथरूमचा नळ ठिबकतो, तो मला बसल्या जागी ऐकू येतो, आणि ती सांगेपर्यंत मी उठत नाही. झाडाला आता सात पानं आहेत. चहा पितो, ती बोलली तर ऐकतो, नाही बोलली तर तसाच बसतो, आणि मला ते अजूनही जमत नाही, पाय हलत राहतो. मोजत नाही असं बायकोला सांगतो, पण मोजतो. काल सतरावा होता.